रद्दीची यादी

सकाळी दार उघडलं की
सोहारचा दमटपणा आधी आत शिरतो,
मग मी, मग जुवैना, तिच्या थर्मासातला कहवा,
आणि सगळ्यांत शेवटी बातम्या.

बातम्यांना मी क्रमांक देते. हाताची सवय.
दूरच्या कुठल्या ताऱ्यापाशी पाण्याची वाफ दिसली : पाचशे तेवीस.
इथला समुद्र तापला, तारली खोल पाण्यात गेली : पाचशे एक्कावन्न.
कुठल्याशा यंत्राने एका रात्रीत चारशे कादंबऱ्या लिहिल्या :
इथे पेन्सिल अडते.
शून्य शून्य सहा द्यावा, की आठशे?
आणि लेखकाच्या रकान्यात काय भरू?

जुवैना म्हणते, रिकामा ठेव.
माझ्या आजोबांच्या पेटीतल्या पोथ्यांवरही नावं नाहीत.
मग कपात कहवा ओतताना, जरा वेळाने,
पण तिथे कुणीतरी दिव्याच्या धुराने खोकलेलं असतं.

आज मस्कतहून यादी आली.
पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं काढून टाका.
संगणकाने स्वतःच निवडली, एकशे बेचाळीस.
कपाटं जातील, तिथे पडदे लागतील.
पहिलंच नाव : क्रेन आणि दोरखंड, आवृत्ती दुसरी.
देवघेव शून्य.

शुक्रवारी इलियास परकार येतात. दाभोळचे.
चौदा वर्षं बंदरावर, जमिनीपासून चाळीस मीटर वर
काचेच्या खोलीत बसून कंटेनर उचलतात.
सभासद नाहीत.
सभासद व्हायला आपल्या नावाचं वीजबिल लागतं;
खोलीत माणसं सहा, बिल कंपनीचं.
म्हणून इथेच वाचतात, खिडकीपाशी, बहुतेक उभ्यानेच.
बसलं की झोप येते म्हणतात.

बाय, आता क्रेन म्हणे खालूनच चालवणार.
एसीत बसून, पडद्यावर बघून,
एक माणूस आणि चार क्रेना.
ह्याच्यावर काय पुस्तक आहे तुमच्याकडे?

शोधलं. नव्हतं.
बातमी धावत येते,
पुस्तक मागून लंगडत येतं.
तोवर हे बघा, म्हणून मी यादीतलंच काढून दिलं.

ते हसले. हे तर पाठ आहे.
न बघता उघडलं, पान अठ्ठ्याऐंशी :
वारा किती असला की हात आखडता घ्यावा.
समासात ग्रीसचे काळे अंगठे.

हा माझा.
हा त्या बलियावाल्याचा, गेला तो, गावी नव्हे.
हा छोटा, नेपाळी पोरगा होता एक.
हा कुणाचा, माहीत नाय.

आमच्याकडे अंगठा म्हणजे
ज्याला लिहितावाचता येत नाही त्याची सही.
चौतीस वर्षं मीही तेच समजत होते.

ते गेल्यावर यादी पुढे ओढली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : अंगठे चार.
संगणक म्हणाला, इथे फक्त आकडे चालतात.
मग नुसतेच चार टाकले.
त्याने मुकाट्याने मान्य केलं,
एकशे एक्केचाळीस.

जुवैनाने बघितलं, काही बोलली नाही.
दिवे मालवायची वेळ झाली होती,
तिने एक चालू ठेवला.

यादीत दुसरं : किनाऱ्यावरची जाळी, विणणे व डागडुजी.
देवघेव शून्य.
उघडून उजेडात धरलं. डाग नाही, दुमड नाही, काही नाही.
ठेवणार होते,
मग नाकाशी नेलं.

तारली.